कमानीवरची आणि कमानीखालची

फ्लेक्स मंगळवारी सकाळी लागला आणि दुपारपर्यंत तळ्याकाठच्या तिन्ही गावांत बोभाटा झाला, की आमच्या गावाने यंदा कुठून तरी एक अप्सरा शोधून आणलीय.

अप्सरा कसली! आमची चोलेंग होती ती. बेकरीवाली चोलेंग, वय वर्षं एकसष्ट, केस पांढरेफेक, रोज पहाटे चारला उठून भट्टी पेटवणारी. फोटो मात्र बेचाळीस वर्षांपूर्वीचा होता, आणि फ्लेक्सवर साल घालायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

मे महिना संपता संपता आमच्याकडे राण्यांची मिरवणूक निघते, सांताक्रुसान. गावातल्या दहा-बारा पोरी दहा-बारा राण्या होतात, प्रत्येकीच्या डोक्यावर फुलांची कमान धरलेली असते, मागून बँड वाजतो. सगळ्यांत शेवटी चालते राणी एलेना, जिने समुद्रापार जाऊन येशूचा क्रूस शोधून काढला ती. शेवटची जागा गावातल्या सगळ्यांत देखण्या पोरीची, याबद्दल आजवर कुणी वाद घातलेला नाही. १९८२ साली ती जागा चोलेंगची होती. त्या संध्याकाळी स्टुडिओवाल्याने काढलेला फोटो पुढे त्याच्या काचेत जो लागला, तो दुकान मुलाच्या हातात गेलं तरी उतरला नाही. पांढरा गाऊन, डोक्यावर मुकुट, आणि मान किंचित डावीकडे कललेली. त्या मानेवर सगळं गाव खूश. पुढच्या प्रत्येक एलेनाने मान तशीच कलवली. माझी मुलगीसुद्धा आरशासमोर उभी राहून तासन् तास मान वाकडी करायची आणि मग रात्री मलाच तेल चोळायला लावायची.

यंदा चर्चला शंभर वर्षं झाली. मिरवणुकीचं यजमानपद दर वर्षी एका घराकडे असतं, ते यंदा लुर्दिसकडे होतं. लुर्दिस तीस वर्षं कॅनडात नर्स होती, आता परत येऊन सगळ्या गावाला औषधाच्या वेळा लावते. तिच्याच मनात आलं, की शंभरावं वर्ष आहे तर एलेना जुन्यांपैकी असावी. चोलेंगचं नाव निघालं आणि सगळ्यांनी हात वर केले. फ्लेक्स बनवला लुर्दिसच्या भाचीने, मायुमीने. वीस वर्षांची पोर. तिने नवा फोटो मागितलाच नाही.

"हाच सगळ्यांना माहितीये ना, अलिंग इसिंग," ती मला म्हणाली. मोठ्या बायकांना आमच्याकडे अलिंग म्हणतात. "आणि किती गोड दिसतायत त्यात!"

बाजारपेठेच्या तोंडाशी बांबूची मोठी कमान उभारून तिच्यावर तो फ्लेक्स ताणला. दुमजली घराएवढा चेहरा. माझं शिवणकामाचं दुकान बरोब्बर समोर. मशीनवरून मान वर केली की एकोणीस वर्षांची चोलेंग माझ्याकडे बघायची.

बुधवारी नदीपलीकडच्या गावच्या नगरसेवकाने गुलाब पाठवले. क्रिसांतो त्याचं नाव, वय एकतीस, अजून लग्न नाही. राणीसोबत चालायची आपली इच्छा आहे आणि बँडचं आपण बघून घेऊ, असा निरोपही होता. गुलाब बेकरीत पोचले तेव्हा चोलेंग पावांचा ट्रे ओढत होती. आणणारा माणूस म्हणाला, "लोला, हे तुमच्या नातीला द्या." लोला म्हणजे आजी.

ते गुलाब तसेच घेऊन ती संध्याकाळी माझ्याकडे आली. माझ्या मुलीची ती धर्ममाता, म्हणून रीतीप्रमाणे आम्ही एकमेकींना कुमारे म्हणायला हवं, पण सहा वर्षांच्या असल्यापासूनच्या मैत्रिणी आम्ही, ती मला इसिंगच म्हणते.

"इसिंग, गळा बंद कर."

"कुणाचा?"

"तू शिवतेयस त्या गाऊनचा. इथपर्यंत." तिने हनुवटीखाली बोट टेकवलं. "बाह्या मनगटापर्यंत. आणि वरून जाळीचं काहीतरी तोंडावर येऊ दे."

"मिरवणुकीत चालणार आहेस की मठात भरती होणार आहेस?"

"आणि हे." तिने पिशवीतून काळ्या रंगाची बाटली काढून टेबलावर ठेवली.

बाटली बघून मी कात्री खाली ठेवली. पंधरा वर्षं दर तीन आठवड्यांनी मीच जुन्या टूथब्रशने तिचे केस रंगवत होते. मग ते सगळं जग घरात कोंडून बसलं तेव्हा तिने रंग सोडला, तो सोडलाच. बास झालं म्हणाली, खाज सुटते. पांढरे केस पाठीवर सोडून बेकरीत उभी राहायची आणि कोण काय म्हणतंय याची तिला फिकीर नसायची. तीच बाई आता बाटली घेऊन माझ्यासमोर बसली होती.

"झालंय काय तुला?" मी म्हटलं.

ती जरा वेळ गुलाबाची पानं खुडत राहिली. मग म्हणाली, "बेर्तिंग माहितीये ना?"

बेर्तिंग म्हणजे बाजारातला मासेवाला. त्याला कोण ओळखत नाही.

"मी टोपली घेऊन उभी राहिले की हा चार बायकांच्या डोक्यावरून हात लांब करून माझी टोपली घ्यायचा. वर दोन तिलापिया जास्तीचे टाकायचा. मी कधी मागितले नाहीत गं. मला वाटायचं, मासे असेच विकतात."

"आणि आता?"

"आता दोनदा सांगावं लागतं. तरी मान वर करत नाही. आरशाचं मला काही नाही, इसिंग, देवाशप्पथ. आरशात मी मला बरी दिसते. थोडी आईसारखी दिसते, पण बरी दिसते. बेर्तिंगला मात्र मी दिसतच नाही. आणि आता तीन गावं येणार, वर त्या पोरीकडे बघणार आणि मग खाली माझ्याकडे. त्यांची तोंडं कशी पडतील ते मला बघायचं नाही."

मला एकदम राग आला. माझा राग नाकावरच असतो.

"आम्ही जन्मभर दोनदाच सांगतोय," मी म्हटलं.

तिने वर पाहिलं. "तू कधी बोलली नाहीस."

"तू कधी मागे वळून पाहिलंस? टोपली भरून निघून जायचीस."

रस्त्यावर कुणीतरी फ्लेक्सकडे बघून शीळ घातली आणि आम्हा दोघींना एकदमच हसू फुटलं.

"बघ तिला," चोलेंग खिडकीतून बोट करून म्हणाली. "दोन दिवस उपाशी आहे बया. आपलं नाक फेंदारलंय म्हणून सकाळीच चर्चच्या मागे रडून आलीय. आणि खांद्यात टाचणी."

टाचणीची गोष्ट आम्हा दोघींनाच ठाऊक. तेव्हाचा गाऊन माझ्या आईने शिवला होता. ऐन निघायच्या वेळी उजव्या खांद्याची शिवण उसवली. आई पुढे गेलेली, म्हणून मी टाचणी लावली. मीही एकोणीसची, घाईत टाचणी कापडातून सरळ खांद्यात गेली. काढायला वेळ नव्हता. टोचू नये म्हणून ही बाई सबंध मिरवणूकभर मान डावीकडे कलवून चालली. बेचाळीस वर्षं गावातल्या पोरी ज्या मानेची नक्कल करतायत, ती माझ्या टाचणीची करामत आहे.

"तरी गळा बंद कर," जाताना ती म्हणाली.

आता खोटं कशाला बोलू. ती कॉलर मी मोठ्या हौसेने शिवली. सात तास लागले. आतून कडक अस्तर, वर लेस, पाठीमागे बारा बारीक बटणं. तिचा नवरा गेला तेव्हा तीन दिवस तिच्या घरची चूल मी सांभाळली होती, तिच्यासाठी माझा जीव तुटतो. पण तिचा पहिला पांढरा केस मला दिसला होता त्या दिवशी घरी येऊन मी गाणं गुणगुणत भात लावला होता, हेही खरं. वाटलं, चला, आता आपण दोघी सारख्या. त्या कॉलरच्या प्रत्येक टाक्यात तो आनंद थोडा थोडा होता, आणि मला त्याची लाजही वाटत नव्हती.

गुरुवारी दुपारी चोलेंग माप द्यायला आली होती, तेवढ्यात लुर्दिस आली. हातात केक. केक घेऊन येणारी माणसं चांगली बातमी आणत नाहीत, हे मी आयुष्यात शिकलेय.

"चोलेंग, मला कुणाचं मन दुखवायचं नाही हं," ती म्हणाली.

"मग नको दुखवूस," मी म्हटलं.

लुर्दिसने माझ्याकडे दुर्लक्ष केलं. "तो क्रिसांतो. त्याने आपल्या वीस दोस्तांना बोलावलंय. सगळ्यांना वाटतंय, फ्लेक्सवरची मुलगी... म्हणजे, चूक आमचीच आहे. पण आता फोन किती जणांना करणार? मी म्हणते, एलेनाच्या जागी मायुमी चालेल. आणि तुला आपण गाडीत बसवू. फुलांनी सजवून. वर पाटी लावू, 'आमची कायमची राणी'. पायांनाही त्रास नाही."

"गाडी कुठली?" चोलेंगने विचारलं.

लुर्दिस केकची दोरी सोडायला लागली. "गाडी तर एकच असते गं मिरवणुकीत."

ती गाडी म्हणजे मातुसालेमची, बायबलातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाची. मिरवणुकीच्या सगळ्यांत पुढे एक म्हातारा बैलगाडीत बसून कढईत वाळू भाजत असतो. जे जे चमकतंय त्याची शेवटी माती होणार, असा त्याचा अर्थ. गेली नऊ वर्षं तो म्हातारा माझा नवरा तास्यो होतो. छातीपर्यंत खोटी दाढी लावतो आणि वाटेत पोरांना डोळे वटारतो. सबंध मिरवणुकीत म्हाताऱ्या माणसाला जागा आहे ती एवढीच, आणि तीही पुरुषाला. आता तिथे चोलेंगला वाळूशेजारी बसवायचं घाटत होतं.

मला वाटलं चोलेंग केक उचलून तिच्या तोंडावर मारेल. तिने तसलं काही केलं नाही. पाठीमागची बटणं लावायचा प्रयत्न करत ती शांतपणे म्हणाली, "उद्या सांगते."

लुर्दिस गेल्यावर ती स्टुलावर बसली. "जाते गाडीत. बसायला तरी मिळेल."

असं तिने कधी तरी म्हणावं याची मी बेचाळीस वर्षं मनातल्या मनात वाट बघत होते. आणि ऐकलं तेव्हा मला ते मुळीच आवडलं नाही. तिने हार मानली तर मग मी इतकी वर्षं जिच्यावर जळत होते ती कोण होती?

"त्या तास्योच्या शेजारी? तो घोरतो," मी म्हटलं.

शुक्रवारी संध्याकाळी चर्चमध्ये नऊ दिवसांच्या प्रार्थनेचा आठवा दिवस होता. प्रार्थना म्हणजे कसं, पुस्तिका हातात, तोंड आपोआप चाललेलं, डोळे पुढच्या बाकावरच्या बाईच्या नव्या चपलांवर. लहानपणापासून तीच पुस्तिका, तेच शब्द. पंख्याने वारा घेत सगळ्या बायका एका सुरात पुटपुटत होत्या. मध्येच माझ्या शेजारचा आवाज थांबला. चोलेंगने मला कोपर मारलं.

"हे वाच."

"गप, लोक बघतायत."

"वाच म्हणते ना!"

मी चष्मा सारखा केला. लिहिलं होतं, 'आणि ती राणी, वयाने वाकलेली, ऐंशीच्या घरात पोचलेली, तरुणांना न झेपणारा समुद्र ओलांडून गेली.'

"ऐंशी!" चोलेंग मोठ्याने म्हणाली.

फादर बेनिग्नोंनी चष्म्यावरून पाहिलं. दोनशे बायका थांबल्या आणि मग पुन्हा सुरू झाल्या. चोलेंग मात्र पुस्तिकेत बोट घालून नुसती बसून राहिली, आणि तिच्या गालावर हळूहळू रंग चढत गेला तो मला दिसत होता. तिच्या डोक्यात काहीतरी शिजतंय हे ओळखून मी बाकाखालच्या चपला आधीच पायांत सरकवून ठेवल्या.

प्रार्थना संपल्याबरोबर तिने पायऱ्यांवर लुर्दिसला गाठलं.

"लुर्दिस, एलेना कोण होती?"

"राणी."

"आणि?"

"सम्राट कॉन्स्टंटाइनची आई," लुर्दिस परीक्षेला बसल्यासारखी म्हणाली.

"सम्राटाची आई. सम्राट चांगला दाढीमिशा आलेला, लढाया मारून आलेला बाप्या. मग त्याची आई एकोणीस वर्षांची कशी?"

"पण आपल्या मिरवणुकीतला कॉन्स्टंटाइन तर पाच वर्षांचा असतो. एलेनाचा हात धरून..."

"तेच तर म्हणतेय मी! आईला तरुण ठेवायचं म्हणून आपण सम्राटाला बालवाडीत घातलं!"

पायऱ्यांवरच्या बायका खो-खो हसायला लागल्या. लुर्दिसही हसायच्या बेतात होती, पण यजमानीण होती म्हणून तिने आवरलं. मागून फादर बेनिग्नो म्हणाले, "तिचं बरोबर आहे. म्हातारीच होती एलेना."

"मग फादर, इतकी वर्षं तुम्ही बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"मला विचारलं कुणी?" ते म्हणाले. "आणि मिरवणुकीनंतर दर वर्षी एलेनाच्या घरीच जेवायला जायचं असतं मला. कुठल्या आईला सांगू, तुझी मुलगी साठ वर्षांनी लहान पडतेय म्हणून?"

चोलेंग एक पायरी वर चढली. उंच बाई आहे, अजून ताठ आहे. "बेचाळीस साली... म्हणजे बेचाळीस वर्षांपूर्वी मला घेतलंत तेव्हा मी या कामाला फारच लहान होते. आत्ताही एकोणीस वर्षं कमीच पडतायत. पण निभावून नेईन मी. गाडीत बसणार नाही, लुर्दिस. चालणार."

"आणि क्रिसांतो? बँड त्याचा आहे."

"माझ्याकडे पाठव. गरम पाव खायला घालते आणि समजावते."

"मग फ्लेक्स तरी उतरवते."

"हात लावू नकोस. लोकांना तुलना करायचीच आहे ना, मग नीट करू दे."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पण घरी येताना ती माझ्या दंडाला धरून चालत होती, आणि तिची बोटं गार पडली होती. बोलून बसणं निराळं आणि चालणं निराळं, हे तिलाही कळत होतं.

रविवारी दुपारीच ती माझ्या घरी आली. आधी दोन ताटल्या पान्सितच्या शेवया खाल्ल्या, वर केळीच्या पानातला चिकट भाताचा सुमान. "त्या वेळी पोटात आवाज होत होता," म्हणाली, "बँडपेक्षा मोठा." मग मी तिला गाऊन चढवला, पाठीमागची बाराच्या बारा बटणं लावली, बाह्या सारख्या केल्या. ती आरशासमोर उभी राहिली. हनुवटीपर्यंत लेस, मनगटापर्यंत लेस. काम अव्वल झालं होतं, मी स्वतःच सांगते.

"काढ," ती म्हणाली.

"काय?"

"कॉलर. आणि बाह्या."

"सात तास लागलेत मला नुसत्या कॉलरला!"

"माहितीये. शिवताना मजा येत होती तुला. मी दारातून पाहत होते." आरशातूनच ती माझ्याकडे बघत होती, रागाने नव्हे. "तूच शिवलीस, आता तूच काप."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. कानांपर्यंत लाल झाले असणार. पण ती तशीच उभी राहिली, मान पुढे करून, माझ्या कात्रीची वाट बघत. मी कॉलर कापली. मग बाह्या खांद्यापासून उतरवल्या, कडा आत दुमडून भराभर टाके घातले. बेचाळीस वर्षं मी बायकांचे गळे मोजतेय. तिच्या गळ्याला दोन खोल वळ्या पडल्या होत्या, खाली उन्हाचे डाग, दंडांवर भट्टीच्या चटक्यांचे जुने वण, आणि खांदे कणीक तिंबून तिंबून भक्कम झालेले. एकोणीसच्या पोरीचा गळा तो नव्हताच. पण माझी नजर काही हटेना. पांढरे केस मी मोकळेच सोडले आणि वर मुकुट ठेवला.

"बाटली कुठेय गं ती रंगाची?" मला एकदम आठवलं. टेबलावर नव्हती.

तेवढ्यात आतल्या खोलीतून तास्यो बाहेर आला. अंगात गोणपाटाचा झगा, छातीपर्यंत पांढरी दाढी, आणि डोक्यावरचे केस कोळशासारखे काळे. कपाळावरही काळा ओघळ आलेला.

"काय?" तो म्हणाला. "उघडीच पडली होती. म्हटलं, बघावं."

"नऊशे एकोणसत्तर वर्षं जगलेला म्हातारा तू!" चोलेंग हसता हसता माझ्या खांद्यावर कोसळली. "आणि तुला रंग कशाला रे?"

"माझा पण फोटो काढतात लोक," तास्यो गुरगुरला आणि कढई घेऊन निघून गेला.

उन्हं उतरली आणि मिरवणूक निघाली. पुढे तास्यो वाळू भाजत, काळ्याभोर केसांनी. मागे एकामागून एक राण्या, मायुमी त्यांच्यात, झेंडा धरलेली, खुशीत. सगळ्यांत शेवटी चोलेंग. शिंपिणीची जागा रस्त्याच्या कडेला असते, गटाराच्या बाजूने, दिव्यांच्या उजेडाबाहेर. तोंडात टाचण्या, दंडाला सुई-दोरा, कुणाचं काही उसवलं तर धावायचं. इतक्या मिरवणुकांत मी तिथूनच चाललेय.

क्रिसांतो चर्चच्या दारात उभा होता. भरतकामाचा पांढरा शर्ट, केस चापून बसवलेले. तो शनिवारी पाव खायला आलाच नव्हता, लाजला असेल. चोलेंगला पाहून त्याचे कान लाल झाले.

"तुम्ही... त्या फोटोतल्या..."

"तीच. तू जरा उशीर केलास," ती म्हणाली. "तुझे वडील वेळेवर आले होते, त्यांना मीच नाही म्हटलं. चल, हात दे. घाबरू नकोस."

त्याने हात दिला. बिचारा चांगला मुलगा निघाला, सबंध वाटभर एकदाही तिच्या झग्यावर पाय दिला नाही.

बाजारपेठेच्या तोंडाशी सगळी गर्दी होती. तिन्ही गावं लोटली होती. बांबूच्या कमानीवर ती एकोणीस वर्षांची, मान कललेली. आणि त्या कमानीखालून चोलेंगला जायचं होतं. नेमका तिथेच बँड थांबला, वाजवणाऱ्यांना दम लागला होता. मी बघत होते, सगळ्यांचे मोबाइल आधी वर गेले आणि मग खाली आले. माझ्या तोंडातल्या टाचण्या मी इतक्या जोरात चावल्या की ओठातून रक्त आलं. मनात म्हटलं, देवा, माझी कात्री चुकली, तिला झाकून ठेवायला हवं होतं.

चोलेंग कमानीच्या बरोब्बर खाली थांबली. मान सरळ ठेवून तिने वर पाहिलं, त्या पोरीकडे, चांगलं निवांत. मग लोकांकडे वळली.

"काय बघताय?" ती म्हणाली. "तीच आहे मी. जरा वाढलेय."

पहिली हसली ती दारात खुर्ची टाकून बसलेली म्हातारी अलिंग तिनाय, तोंडात एक दात नाही. मग हशा पसरत गेला, मग टाळ्या, मग शिट्ट्या. बेर्तिंग मासेवाला एका पिंपावर चढून "एलेना! एलेना!" ओरडत होता. राण्यांच्या रांगेतल्या पोरी मागे वळून बघत होत्या, आणि मी नीट पाहिलं, मायुमीने आपली कललेली मान हळूच सरळ केली. चोलेंग चालायला लागली. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. माझ्या बाजूने जाताना ती ओठ न हलवता पुटपुटली, "टाचण्या काढ तोंडातून, गिळशील. आज काही उसवत नाही."

सोमवारी सकाळी आम्ही दोघी बाजारात गेलो. तिच्या केसांत अजून फुलांच्या पाकळ्या अडकल्या होत्या. बेर्तिंगच्या फळीपाशी नेहमीसारखी झुंबड होती. चोलेंगने टोपली पुढे केली. बेर्तिंगने मान वर न करता कुणाच्या तरी नव्या सुनेची टोपली घेतली, चार बायकांच्या डोक्यावरून हात लांब करून. कालचा पिंपावरचा बेर्तिंग तो हाच.

चोलेंगने फळीवर असा हात आपटला की तराजू उडाला.

"बेर्तिंग! मान वर कर."

त्याने केली. "अरे, चोलेंग! काल काय दिसत होतीस..." तोंडभर हसत त्याने तिच्या टोपलीसाठी हात पुढे केला.

तिने टोपली मागे घेतली.

"मला नंतर दे. आधी इसिंगला. ती माझ्या आधीपासून उभी आहे."

बेर्तिंगने माझ्याकडे पाहिलं. चांगलं पाहिलं, पहिल्यांदाच असेल. "आधीपासून? कधीपासून?"

"बेचाळीस वर्षं झाली," चोलेंग म्हणाली आणि मला पाठीला हात लावून पुढे ढकललं.

मी टोपली पुढे केली. बेर्तिंगने तोलून मासे टाकले, जरा थांबला, मग वरून आणखी दोन टाकले. मी मागितले नव्हते.